बुद्धिबळाच्या सदराशेजारी एवढीशी जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या व्हिडिओ गेमवर लेख आला होता तो वाचला. आमच्या घरात तो दोनदा वाचला गेला, एकदा मी मनात आणि एकदा बायकोने मोठ्याने, माझ्याकडे बघत. लेखकाचं म्हणणं असं की गेममध्ये डोक्याला काही काम नसतं, नुसती बोटं चालतात, समोर येईल त्याला गोळी घालायची आणि पुढं पळायचं. आता गोळ्या घालायचे गेम आहेत, नाहीत असं कोण म्हणतंय, पण सगळे गेम तसलेच असतात हे म्हणजे सगळी गाणी वरातीतली असतात म्हटल्यासारखं झालं. माझं वय ४३, सांगलीत नळाच्या फिटिंगच्या सामानाचं दुकान आहे, आणि वीस वर्षांहून जास्त काळ मी एकच गेम खेळतोय ज्यात घाई नावाची गोष्टच नाही. आपला टर्न आला की चहा टाकून या, गिऱ्हाईक करून या, जेवून या, शत्रू तिकडं गप बसून राहतो. म्हणून म्हटलं एक पत्र लिहू.

गेमचं नाव हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक, भाग तिसरा. १९९९ साली अमेरिकेतल्या न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगने काढला, त्यांची मालक कंपनी थ्रीडीओ २००३ मध्ये बुडाली, नाव युबिसॉफ्टने घेतलं, पुढचे भाग निघाले, पण लोक अजून फिरून फिरून ह्या तिसऱ्याकडेच येतात. हौशी मंडळींनी तर हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस म्हणून त्याला स्वतःची जोड केलीय, चाच्यांचं अख्खं नवीन शहर घातलंय त्यात, आणि फुकट.

मला हा गेम सापडला कॉलेजला असताना, एका सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये होते आणि आम्ही चौघं, म्हणजे प्रत्येकी पाच. ह्याच्यात हॉट सीट म्हणून प्रकार आहे, एकाच कॉम्प्युटरवर आठ जणांपर्यंत आळीपाळीने खेळायचं, एकाने टर्न संपवला की दुसरा खुर्चीत. बाकीच्यांनी तेव्हा स्क्रीनकडे पाठ करायची असा नियम होता कारण दुसऱ्याची फौज कुठं आहे ते दिसलं की मजाच गेली. चौघांतले तिघं भिंतीकडं तोंड करून उभे आहेत हे बघून कॅफेच्या मालकाला वाटायचं आम्ही शिक्षा भोगतोय. सीडी कुठनं आली होती ते विचारू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या पेपरात बुद्धिबळाचं सदर आहे, ब्रिजचं पण आहे, ती मी वाचतो. बुद्धिबळ थोर आहेच, पण एक गोष्ट बघा, बुद्धिबळात फौज फुकट मिळते. बसल्या बसल्या दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे, वजीर आणि आठ प्यादी, समोरच्याला पण तेवढीच. ती उभी करायला पैसा कुठनं आला, दाणागोटा कोण देतोय, हत्ती चालत आला तेव्हा प्यादी किती मागं राहिली, हे प्रश्नच नाहीत. हीरोजमध्ये सगळा खेळ ह्याच प्रश्नांचा आहे. प्रत्यक्ष लढाई दहा मिनिटांत उरकते, आणि ती जिंकायची का हरायची हे बऱ्याच वेळा आधीच्या दोन आठवड्यांत ठरून गेलेलं असतं. मला तर दुकानात बसून बसून हे आणखीच पटलंय, माल विकण्यात काय शहाणपण नाही, माल भरण्यात असतं.

गेममध्ये एक टर्न म्हणजे एक दिवस, सात दिवसांचा आठवडा, चार आठवड्यांचा महिना. आपलं एक शहर असतं आणि घोड्यावर बसलेला एक हीरो, तो नकाशावर फिरतो, खाणी ताब्यात घेतो, वाटेतल्या टोळ्यांशी लढतो. शहरात सात पायऱ्यांचे सैनिक तयार होतात, खालच्या पायरीला स्वस्त आणि भरपूर, वरच्या पायरीला महाग आणि एखाद-दुसरा. शहरांचे प्रकार असतात, माझं कायम कॅसल नावाचं. त्यात सगळ्यात खाली भालेवाला ६० गोल्डला, तिरंदाज १००, ग्रिफिन म्हणजे गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेला प्राणी २००, तलवारवाला ३००, साधू ४००, घोडेस्वार १,००० आणि सगळ्यात वर एंजल, ३,००० गोल्ड आणि वर एक रत्न. नवीन भरती आठवड्याच्या पहिल्या दिवशीच येते, आमच्या घरात त्याला सोमवार म्हणतात.

आता वहीतला हिशोब सांगतो, कारण इथंच सगळे गंडतात. शहराला पूर्ण किल्ला झाला की भरती दुप्पट होते, म्हणजे आठवड्याला २८ भालेवाले, १८ तिरंदाज, १४ ग्रिफिन, ८ तलवारवाले, ६ साधू, ४ घोडेस्वार आणि २ एंजल. ह्या सगळ्यांचं बिल २१,०८० गोल्ड. आणि कमाई किती? टाऊन हॉल असेल तर रोजचे १,०००, आठवड्याचे ७,०००. सिटी हॉल असेल तर रोजचे २,०००, म्हणजे १४,०००. शेवटचा कॅपिटोल झाला की रोजचे ४,०००, आठवड्याला २८,०००, तेव्हा कुठं बिल भागून हातात काही उरतं. पण कॅपिटोल बांधायलाच १०,००० लागतात आणि तो बांधायच्या आधी किल्ला पाहिजे, आणि एंजल जिथं तयार होतात ती इमारत २०,००० ला. आणि शहरात दिवसाला एकच बांधकाम. म्हणजे पहिले दोन आठवडे रोज सकाळी उठून एकच भांडण, आज माणसं घ्यायची का भिंत घ्यायची. माणसं घेतली तर खाणी लवकर हातात येतात पण कमाई वाढत नाही, इमारती घेतल्या तर कमाई वाढते पण शेजारचा चढून आला तर दारात उभं राहायला कोण नाही. पगार आला की पहिला हप्ता भरायचा का किराणा भरायचा, अगदी तेच, फक्त इथं किराणा भाला घेऊन उभा असतो.

नवीन माणूस काय करतो तर पहिल्याच आठवड्यात एंजलच्या मागे लागतो. मी पण लागायचो. कॅफेतल्या आमच्या एका मित्राने सगळं सोडून एंजलसाठी पैसा साठवला, तिसऱ्या आठवड्यात इमारत झाली आणि खिशात १ एंजलचे पैसे पण नव्हते. इमारत आहे, आत एंजल उभा आहे, घ्यायला गोल्ड नाही. त्याला आम्ही पुढं कॉलेज संपेपर्यंत बिल्डर म्हणायचो.

दुसरी एक बारीक गोष्ट आहे जी मला कळायला दोन वर्षं लागली. भरती किती येणार हे सोमवारी सकाळी किल्ला कितपत उभा आहे त्यावर ठरतं. सिटाडेल म्हणजे किल्ल्याच्या आधीची पायरी असेल तर दीडपट, पूर्ण किल्ला असेल तर दुप्पट. म्हणजे किल्ला रविवारी पुरा केला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं, आणि तोच सोमवारी दुपारी पुरा केला तर आख्खा आठवडा बोंबला. एका दिवसाचा फरक, पैसे तेवढेच.

बरं फौज झाली. आता ती चालवायची. हीरोबरोबर फक्त सात गट नेता येतात, प्रत्येक गटात एकाच जातीचे कितीही. आणि हीरो दिवसाला किती चालणार हे त्याच्या फौजेत सगळ्यात हळू कोण आहे त्यावर ठरतं. मेलेल्यांचं एक शहर आहे, नेक्रोपोलिस, त्यात वॉकिंग डेड नावाचे चालते मुडदे आहेत, त्यांचा वेग ३. एवढा एक गट फौजेत असला तर हीरो सपाट जमिनीवर दिवसाला सरळ १५ पावलं जातो. फौजेत सगळे ११ किंवा वरच्या वेगाचे असले तर २० जातो. रोज पाच पावलं मागं म्हणजे आठवड्याला ३५, तेवढ्यात शत्रूने तुमच्या दोन खाणी काढून घेतल्या. आता पानिपत काढल्याशिवाय मराठी माणसाचं पत्र पुरं होत नाही म्हणून एकच ओळ, बाजारबुणगे हा शब्द शाळेत इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता पण त्याचा अर्थ मला ह्या मुडद्यांनी समजावून सांगितला. उपाय पण आहे, वेग मोजला जातो दिवसाच्या सुरवातीला, म्हणून हळू गट रात्रीच दुसऱ्या हीरोकडे किंवा शहरात सोडायचे आणि सकाळी हलक्या फौजेनं निघायचं. आणखी पुढचे खेळाडू तर हीरोंची साखळी लावतात, एक हीरो दमेपर्यंत चालून फौज दुसऱ्याच्या हवाली करतो, दुसरा तिसऱ्याच्या, एका दिवसात फौज नकाशाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला. टपालाचे घोडे बदलायचे तसं. शहरातल्या टॅव्हर्नमध्ये, म्हणजे गुत्त्यात, नवीन हीरो २,५०० ला मिळतो, बरेच जण लढाईसाठी नाही तर हमालीसाठीच तो घेतात.

आणि भेसळ करायची नाही. रस्त्यात कधी कधी टोळ्या स्वतःहून सामील होतात, फुकट मिळालंय म्हणून घेतलं की झालं. एकाच शहराची माणसं असतील तर हिंमत वाढते, तीन शहरांची झाली की घसरायला लागते, आणि त्यात मुडदे घातले तर आणखी खाली. हिंमत कमी असली की ऐन लढाईत एखादा गट नुसता थिजून उभा राहतो, त्याचा टर्न फुकट. चांगल्या फौजेत पाच नंबरी गट असतात आणि दोन जागा मोकळ्या असतात, ह्या दोन मोकळ्या जागांचं नंतर सांगतो.

टोळी केवढी आहे हे पण नीट सांगत नाहीत. राइट क्लिक केलं की आकडा नाही, शब्द येतो. लॉट्स म्हटलं की २० ते ४९, होर्ड म्हटलं की ५० ते ९९, थ्राँग म्हणजे १०० ते २४९, लीजन म्हटलं की हजाराच्या वर, पळा. माझं इंग्रजी यथातथाच पण हे शब्द मला रक्तानिशी पाठ आहेत.

लढाईचं मैदान षटकोनी घरांचं, १५ बाय ११. ज्याचा वेग जास्त तो आधी खेळतो. मारलं की समोरचा उलट फटका देतो, पण एका राऊंडला, म्हणजे सगळे गट एकेकदा खेळून होईपर्यंत, एकदाच. आता ती मोकळी जागा आठवा. तिथं एकटा भालेवाला ठेवायचा, ६० गोल्डचा. समोर मोठा राक्षस आला की आधी ह्या एकट्याला पाठवायचं, तो एक टोचा मारतो, राक्षस उलट फटका देतो, भालेवाला गेला. पण राक्षसाचा ह्या राऊंडचा फटका संपला, आता माझे घोडेस्वार जातात आणि निवांत मारतात. माझ्या पोरीला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती आठवीत होती, ती म्हणाली, बाबा त्या एका माणसाचं काय? मी म्हटलं गेम आहे. ती म्हणाली हो पण तरी. त्यानंतर ती नेक्रोपोलिस घ्यायला लागली, तिचं म्हणणं निदान माझी माणसं आधीच मेलेली आहेत.

तिनं मला मे महिन्यात जे हरवलं ते सांगतोच, कारण ते मी अजून विसरलेलो नाही. हॉट सीट, घरच्याच कॉम्प्युटरवर, भिंतीकडं तोंड करायचा नियम तोच. माझ्याकडं ३ आर्चएंजल होते, एंजलची वरची आवृत्ती, एकेकाची किंमत ५,००० गोल्ड आणि ३ रत्नं, जीव २५० आणि वेग १८. तिच्याकडं ३०० च्या वर सांगाडे, थोडे व्हॅम्पायर लॉर्ड, लिच म्हणून लांबून मारा करणारे हाडके जादूगार, आणि चार काळे घोडेस्वार. मी हसलोच. सांगाडा म्हणजे सहा जीवाचा, फुंकलं तर पडेल. पहिला टर्न माझा, आर्चएंजल उडवले सरळ मैदानाच्या पलीकडं, सांगाड्यांवर. एका फटक्यात पन्नासेक गेले. मी तिच्याकडं बघितलं. ती काही बोलली नाही.

झालं काय, माझे आर्चएंजल पोचले आणि बाकीची फौज अजून इकडच्या काठाला. भालेवाल्याचा वेग ४, तलवारवाल्याचा ५, त्यांना मैदान ओलांडायला तीन-चार टर्न. तोपर्यंत तिचे सगळे माझ्या तिघांना घेरून. उरलेल्या सांगाड्यांचा उलट फटका, मग त्यांचा स्वतःचा फटका, मग घोडेस्वार, मग लिचचा मारा. व्हॅम्पायर लॉर्डवर तर उलट फटका बसतच नाही, वर ते जेवढं मारतील तेवढं रक्त पिऊन आपली मेलेली माणसं परत उभी करतात. दुसऱ्या राऊंडला तिघं गेले, १५,००० गोल्ड आणि ९ रत्नं. मग तिनं स्लो नावाचा मंत्र टाकला, तो पण एक्स्पर्ट लेव्हलचा म्हणजे माझ्या आख्ख्या फौजेवर, सगळ्यांचा वेग निम्मा. माझे भालेवाले मैदानाच्या मधोमध एस्टी चुकल्यासारखे उभे आणि लिच लांबून वेचून मारतायत.

आणि लढाई संपल्यावर नेक्रोमन्सी. मेलेल्यांतले काही जण विजेत्याच्या फौजेत सांगाडे होऊन उभे राहतात. म्हणजे मी ज्यांचे पगार भरले तीच माणसं दुसऱ्या दिवशी तिच्याकडं कामाला. ती म्हणाली, बाबा, फुकट आलेत, पण एकाच शहराचे आहेत.

मी काय करायला पाहिजे होतं ते मला माहीत आहे, त्याच रात्री अंथरुणात कळलं. आर्चएंजल पुढं न्यायचेच नव्हते, वेट दाबायचं होतं. वेट दाबलं की आपला टर्न बाकीचे खेळून झाल्यावर येतो, तिचे सांगाडे चालत चालत मैदानाच्या मध्यावर आले असते, तेव्हा माझ्या तिरंदाजांचा मारा, जवळ आल्यावर पूर्ण ताकदीचा कारण दहा घरांच्या पलीकडं बाण निम्मंच नुकसान करतो, आणि मग आर्चएंजल. शिवाय आर्चएंजलना लढाईत एकदा आपली मेलेली माणसं उठवता येतात, ते मी वापरलंच नाही, आधी तेच मेले. सगळ्यात वेगवान गट म्हणजे सगळ्यात आधी पाठवायचा गट असं नसतं, एवढी साधी गोष्ट, आणि दुकानात पोराला मी रोज सांगतो की गिऱ्हाईक दारात आलं की अंगावर धावून जाऊ नको.

गेममध्ये दोष नाहीत असं नाही. मोठ्या नकाशावर शेवटचे दोन महिने कंटाळवाणे होतात, कोण जिंकणार ते कळलेलं असतं तरी एकेक शहर घेत बसायचं. आणि अजून एक टर्न, अजून एक टर्न करत रात्रीचे अडीच वाजतात हे बायकोचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, त्याबाबतीत तुमच्या लेखकाशी माझं भांडण नाही. लोडशेडिंगच्या काळात बरं होतं, एमएसईबी आम्हाला उठवायची, आणि सेव्ह न केलेला आठवडा घेऊन जायची.

तर विनंती अशी की बुद्धिबळाच्या सदराशेजारी चार ओळींची चौकट द्या, आठवड्याला एक कोडं, मी पुरवतो, मानधन नको. पहिलं इथंच देतो.

कॅसल शहर. आठवड्याचा सातवा दिवस, संध्याकाळ, आजचं बांधकाम अजून बाकी. टाऊन हॉल आहे, म्हणजे रोज १,०००. सिटाडेल उभा आहे. खजिन्यात ५,२०० गोल्ड, १० लाकूड, १० ओर म्हणजे खनिज. भरतीला तयार १३ तिरंदाज, १० ग्रिफिन, ६ तलवारवाले, सगळे घेतले तर ५,१००. किंवा पूर्ण किल्ला बांधता येतो, ५,००० गोल्ड, १० लाकूड, १० ओर. किल्ला बांधला तर उद्याची भरती १८, १४ आणि ८, नाही बांधला तर परत १३, १० आणि ६. किल्ल्याबरोबर मारा करणारे दोन बुरूज जादा मिळतात. शत्रूचा हीरो पुढच्या आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी, तुमचा टर्न संपल्यावर, दारात असेल. आज पैसे कशावर घालाल?

माझं उत्तर किल्ला. पोरीचं उत्तर माणसं, आणि तिनं वहीत मला जो हिशोब करून दाखवला त्यात मला अजून चूक सापडलेली नाही. वाचकांपैकी कुणाला सापडली तर कळवा, पोरगी सध्या घरात फार आवाज करतेय.

आपला,
एक नेहमीचा वाचक, सांगली